वाकड्या पान्यांचे जॉबरमामा

सरळ पाना दिसला की मामांच्या हाताला खाज सुटायची. मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पेटीतला नवाकोरा तेरा नंबरचा रिंग पाना उचलला, डोळ्यांसमोर धरला, "किती सरळ हाय रे हे!" असं कीव केल्यासारखं म्हणाले, आणि मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात गॅसवर लाल करून मध्येच वाकवून टाकला. मी येऊन बघतो तर पाना बादलीत चर्र करत होता. पहिला दिवस म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे, हे पुढं त्यांनाही कळलंच.

सोलापुरातला सगळा अक्कलकोट रोड त्यांना जॉबरमामा म्हणायचा. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. घराणं तेलुगू विणकरांचं, आयुष्याची पहिली वीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली. माग भंगारात निघाले तसे मामा मोटारसायकलीकडं वळले, आणि मोटारसायकलीत सुद्धा कुणी अंगाला लावून घेत नाही ते काम धरलं: सायलेन्सर. इंजिन उघडायला सगळ्यांना आवडतं, त्यात मान असतो. सायलेन्सरचे बोल्ट मात्र उन्हापावसात गंजलेले, उष्णतेनं भाजून चिकटलेले, आणि कंपनीवाल्यानं कुठं दडवून ठेवलेले असतील त्याचा नेम नाही. एक फ्रेमच्या पाइपामागं, एक पायठेवणीच्या आत, एक तर असा की तिथं पोचायला माणसाला तिसरा कोपर पाहिजे. गावातले बाकी मिस्त्री हात टेकायचे आणि म्हणायचे, "जॉबरमामाकडं न्या."

मामांच्या टपरीत एकही पाना सरळ नव्हता. कुठला नव्वदात वाकवलेला, कुठला अर्धा कापलेला, कुठल्याची रिंग घासून घासून बांगडीएवढी पातळ. जुन्या मागाच्या लोखंडी चौकटीला ते सगळे तारेनं टांगलेले. पान्यांचे नंबर विचारले की मामा चिडायचे. ज्याच्या गाडीसाठी जो पाना पहिल्यांदा वाकवला, त्याचं नाव त्या पान्याला. "तलाठी आण रे." "हेडमास्तर कुटं गेला?" "वकीलबाई न्हाय चालणार हितं, दूधवाला दे." एकदा खरंच एक हेडमास्तर गाडी घेऊन उभे होते आणि मामा आतून ओरडले, "हेडमास्तरच्या तोंडाला गंज लागलाय, जरा रॉकेल लाव!" गुरुजींचा चेहरा बघवेना. मी हसू दाबायला गाडीच्या पलीकडं जाऊन बसलो.

माणूस एका जागी ठरेल तर शप्पथ. चहाचा ग्लास घेऊन गाडीभोवती फेऱ्या. बोलता बोलता रस्त्यापर्यंत जाऊन परत. गिऱ्हाईक सांगत असायचं आणि मामा त्याच्या मागनं, पुढनं, वाकून, उकिडवं बसून गाडी बघत असायचे. गिऱ्हाईकाला कळायचं नाही की तोंड कुठं करून बोलावं. मी स्वतः चुळबुळ्या. वळसंगला घरी आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी हाय. आम्ही दोघं त्या दहा बाय बारात दिवसभर एकमेकांना धडकायचो. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की डोकं आपोआपच फिरलेलं असायचं.

पण त्याच माणसाचा हात बोल्टाला लागला की चमत्कार व्हायचा. सगळी वळवळ बंद. पाना उचलायच्या आधी मामा नुसती बोटं आत घालायचे आणि आढ्याकडं बघत उभे राहायचे. दोन मिनिटं, पाच मिनिटं. बोटांच्या टोकांनी बोल्टाचे कोपरे मोजायचे, गंज किती आहे ते चाचपायचे, पाना फिरवायला पुढं किती आणि मागं किती जागा आहे ते बघायचे. मग म्हणायचे, "आधी जागा, मग नंबर, ताकद सगळ्यात शेवटी." आणि दुसरं एक: "पाना पुढं किती जातोय ते बघू नको, त्याला परत यायला जागा हाय का ते बघ." आयटीआयत दोन वर्षं शिकून मला जे कळलं नव्हतं ते या दोन वाक्यांत होतं. अर्थात हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए आयटीआय!" बास. मी ऑनलाइन चाळीस नगांचा संच मागवला, चकचकीत, रॅचेट, लांब दांड्या, मान कुठंही वळणारा जोड, सगळं. पेटी उघडली की लग्नातल्या रुखवतासारखी दिसायची. मामांनी ती बघितली आणि म्हणाले, "घे, हे बेंड पाइप काढ." इंजिनातून निघून खाली वळतो तो पाइप. मी तासभर झटलो. तो वळणारा जोड बरोबर नको तिथं वळायचा, सॉकेट तिरका बसायचा, घसरायचा. माझ्या बोटांची सालं निघाली. मामा चार फेऱ्या मारून आले, बोटं घातली, आढ्याकडं बघितलं, "तलाठी" घेतला आणि दोन मिनिटांत नट माझ्या तळहातावर ठेवला. वर म्हणतात, "पेटी छान हाय की. घरी न्हे, पोरीबाळी बघतील." असा राग आला होता म्हणून सांगू!

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दुसरंही काही होतं. मामांना मूलबाळ नव्हतं. साठी जवळ आलेली. मला वाटायचं, दोन-चार वर्षांत हे थकतील आणि टपरी माझ्याकडं येईल. वाईट विचार नव्हता, पण चांगलाही नव्हता. तो मनात होता, एवढं खरं.

मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. सगळे पाने धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून पाटावर मांडायचे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मामा या बाबतीत एकदम कडक. पूजा आटोपली, पेढा तोंडात टाकला, आणि वेळापूरचा एक माणूस गाडी ढकलत आला. मागं बायको. सायलेन्सरचा बोल्ट तुटून सायलेन्सर रस्त्याला घासत आलेला, बाईनं तो आपल्या ओढणीनं बांधलेला, आणि ओढणी जळून काळी पडलेली. घरी घट बसलेले, संध्याकाळच्या आत पोचायचंच होतं. मी म्हणालो, "मामा, एक पाना उचला, देवी काय रागावणार न्हाय." मामा पाटाकडं बघतात, गाडीकडं बघतात, परत पाटाकडं. चार फेऱ्या झाल्या. एकदम थांबले आणि म्हणाले, "पूजेतलं उचलायचं न्हाय. पण जे हत्यार अजून झालंच न्हाय, ते कुटं पूजेत हाय?"

त्या माणसाच्या गाडीच्या सीटखाली कंपनीनं दिलेला पत्र्यासारखा एक पाना होता. मामांनी तो घेतला. गॅसची नळी पूजेत, म्हणून शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर तापवला. हातोडी पूजेत, म्हणून रस्त्यावरचा धोंडा घेतला. पकड पूजेत, म्हणून विजेच्या खांबाच्या फटीत घालून वाकवला. चहावाला, वेळापूरचा माणूस, त्याची बायको, मी, सगळे हसत होतो. मामांनाही चेव आला होता. पाना वाकला, मामांनी तो फटीतून उपसला, वर करून आम्हाला दाखवला. "बघा, जन्मला!"

मला वास आला. चामडं जळल्याचा. मी बघितलं तर पान्याचं टोक अजून काळपट लाल होतं आणि मामांची तीन बोटं त्याच्या तापलेल्या दांडीवर घट्ट होती. आणि मामा हसत होते.

"मामा, टाका!" मी ओरडलो. त्यांनी हाताकडं बघितलं. टाकला. पण दचकून नव्हे, मी ओरडलो म्हणून टाकला.

सायलेन्सर मीच बसवून दिला, त्या नव्या पान्यानं. ती दोघं गेल्यावर मी मामांचा हात धरला. बोटांना तीन पांढरे पट्टे. आणि त्यांच्या शेजारी जुने, वाळलेले आणखी चार-पाच डाग. कधीचे कोण जाणे.

"शुगर हाय," मामा म्हणाले. "मुंग्या येत होत्या. आता त्याबी येत न्हाइत."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतो गोळ्या घे. गोळ्यानं शुगर उतरंल, पण बोटं परत येतील का ते सांगत न्हाय." मग माझ्याकडं बोट रोखून म्हणाले, "मामीला बोललास तर टपरीत पाय ठेवू नको."

आता बघा, ज्या माणसाचं सगळं पोट बोटांच्या टोकांवर, त्याची टोकंच मेली. मामा तरी बोटं आत घालायचे, आढ्याकडं बघायचे, पण आता ते नुसतं सोंग होतं, आणि ते मला एकट्याला ठाऊक. मी घाबरून त्यांच्या मागं मागं फिरायचो. जमेल ते काम त्यांच्या आधी उरकायला बघायचो. ते खेकसायचे, "मी मेलोय का?" महिना, दोन महिने, तीन महिने आमचं हेच. रात्री मला झोप लागेना. कधीतरी एखादा स्टड तुटणार, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात रुतलेली ती आट्यांची काडी, आणि मग इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नाही. मामांच्या हातून आजवर एकही स्टड तुटला नव्हता. त्यांची इज्जत म्हणजे तेवढीच.

ती गाडी अकलूजच्या एका इंजिनीअरची होती. डेअरीत नोकरीला, अंगानं दणकट, बोलायला गोड. मोठी, जड गाडी, बेंड पाइप चिरलेला, नवा पाइप सोबत आणलेला. सोमवारी मित्रांबरोबर लडाखला निघायचं होतं त्याला. कुणीतरी काढलेला मामांचा व्हिडिओ बघून एवढ्या लांबून आला होता. आल्याबरोबर त्यानं फोन वर धरला. "मामा, तुमी काम करा, मी शूटिंग घेतो."

बाहेरचा नट मामांनी सहज काढला. आतला फ्रेमच्या पाइपाआड होता, डोळ्याला दिसतच नव्हता. मामांनी बोटं घातली. आढ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मामा, मी बघू का?" त्यांनी ऐकलं नाही. वकीलबाई आत घातला, दांडीला जोर दिला. खर्र असा आवाज आला. पाना नटावर नीट बसलाच नव्हता. परत लावला. परत खर्र. नटाचे कोपरे गोल झाले. फोन चालूच होता.

मामांनी पाना बाहेर काढला, बघितला, आणि रस्त्यापलीकडं भिरकावला. "पाना खराब हाय," म्हणाले आणि चालू लागले. घरी गेले. इंजिनीअर माझ्याकडं बघतोय, मी इंजिनीअरकडं. मी माझी चाळीस नगांची पेटी काढली, त्यातलं सगळं लावून बघितलं आणि उरलेले कोपरेही थोडे खाल्ले. आता खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं, आता तरी म्हातारा सोडेल टपरी. आणि लगेच स्वतःची अशी लाज वाटली की मी पाना टाकून मामांच्या घराकडं पळत सुटलो.

दोन खोल्यांचं घर. मामी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होत्या. मामा आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. मी उंबऱ्यातनंच ओरडलो, "मामा, किती दिवस लपवणार? बोटाला कळत न्हाय तुमच्या! कुणाचातरी जीव घ्याल एक दिवस!"

बोलून गेलो. जीभ चावली, पण काय उपयोग. मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मामींचा हात थांबला नाही. पान कापलं, तंबाखू भरली, वळली, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. शर्टाच्या गुंड्या लावता येईनात त्यांना. तेव्हापासनं मी लावते, ते म्हणतात घाई हाय." त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. कुटं हाय ते नट?"

मामा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नट कळत न्हाय," मामी म्हणाल्या. "हात लावून बघायचं कळतंय. चाळीस वर्षं पानाची ओल बोटानंच बघते मी."

भरदुपारी आम्ही तिघं टपरीत आलो. इंजिनीअर चहा पीत बसला होता. मामी गाडीशेजारी मांडी घालून बसल्या, बांगड्या मागं सारल्या आणि हात आत घातला. बारीक, हाडकुळा हात, सहज गेला. डोळे मिटले. दोघांचं तेलुगूत बोलणं सुरू झालं. सात वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं.

"किती कोपरे?" मामांनी विचारलं.

"वरचे दोन गेलेत. बाजूचे गुळगुळीत. खालचे दोन अजून बोचतात."

"मागं जागा किती?"

"माझी करंगळी जाते. जास्त न्हाय."

मामांनी एक लहान नंबरचा रिंग पाना घेतला आणि ग्राइंडरवर घासायला बसले. थोडं घासायचे, मामींच्या करंगळीशेजारी धरून बघायचे, परत घासायचे. रिंग करंगळीएवढी पातळ झाली. मग पाना मामींनी आत नेला, कोपऱ्यांवर बसवला. मामांनी वरनं सळईनं हलकेच ठोकून तो गच्च केला. आता फिरवायचं होतं, आणि खरी भीती इथंच होती. नट सुटतानाही दांडी ढिली लागते आणि स्टड पिळून तुटायच्या आधीही ढिली लागते. मामांच्या हाताला हा फरक आधी झोपेत कळायचा. आता कळत नव्हता.

इंजिनीअरनं फोन वर धरला. मी खवळलो. "ए, खिशात घाल ते! तमाशा लावलाय का हितं?"

"घेऊ दे," मामा म्हणाले. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या बोटाला आता कळत न्हाय साहेब. हिच्या बोटाला कळतंय. हिचा हात नीट येऊ द्या त्यात."

मामींनी मान वर केली नाही. त्यांनी एक बोट नटावर ठेवलं, दुसरं स्टडच्या टोकावर. मामांनी दांडी धरली, जोर दिला. कट् आवाज आला.

"थांबा," मामी म्हणाल्या. मामा थांबले. "आता हळू. हां. बाहेरचं फिरतंय. मधलं गप्प हाय."

"नक्की?"

"फिरवा म्हणते ना."

चार वेढ्यांत नट मामींच्या मुठीत आला. संध्याकाळी नवा पाइप बसला, आणि सोमवारी तो गडी लडाखला गेला.

त्यानंतर मी टपरीत फार राहिलो नाही. भांडण नाही, काही नाही. तिथं माझी गरज उरली नव्हती, आणि मला जे हवं होतं ते मागायचं तोंडही उरलं नव्हतं. जुळे सोलापुरात मी माझं दुकान काढलं. बरं चाललंय. अडलेला बोल्ट आला की मी पाना घ्यायच्या आधी बोटं आत घालतो, आणि गिऱ्हाईकं विचारतात, काय शोधताय.

परवा विजापूर रोडवरनं येताना राहवलं नाही, गाडी तिकडं वळवली. मामी एका स्कूटरखाली आडव्या झाल्या होत्या, नुसते पाय दिसत होते. मामा वाळले होते. मला बघून खूष झाले, "ए आयटीआय," म्हणाले, चहा सांगितला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी आले.

"डावा हातबी गेला रे आता," हळूच म्हणाले. "तिला सांगू नको."

गाडीखालनं आवाज आला.

"मला ठाऊक हाय. तुमी पाना द्या आधी. तो न्हवं, त्याच्या शेजारचा."